चान्स कितला?



मागच्या उन्हाळ्यात आमच्या बचत गटाची बैठक संपली, बायका चपला शोधत होत्या, तेव्हा एक मुलगी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, मना चान्स कितला शे?"

तिची आई आमच्या गटात पहिल्यापासून आहे. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचायला जाते, एरवी मिळेल ती रोजंदारी. मुलगी चाळीसगावातच बी.ए. झाली. तिला पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या प्रवेशपरीक्षेला बसायचं होतं. दिग्दर्शन, नाहीतर संकलन. कुठल्याही शाखेची पदवी चालते हे तिने स्वतःच शोधून काढलं होतं. तिला फक्त चान्स किती ते हवं होतं.

मी काय उत्तर दिलं ते आधी कबूल करते. मी म्हटलं, "अगं, देशभरातून हजारो मुलं बसतात. एकेका अभ्यासक्रमाला जागा दहा-बारा. त्यापेक्षा बी.एड.चं बघ, हाताशी काहीतरी राहील." पंचवीस वर्षं मी या गावात बायकांना "स्वतःच्या पायावर उभ्या राहा" म्हणून सांगत फिरले, आणि एका मुलीने कुठे उभं राहायचं ते स्वतः ठरवलं, तेव्हा मी तिच्यापुढे गणित मांडलं.

तिच्या वडिलांनी तेच गणित मांडलं. मामाने मांडलं. कॉलेजातल्या सरांनीही मांडलं, वर "त्या लाइनीत मुलींचं काय होतं ते तुला माहीत नाही" एवढं जोडलं. अशी चर्चा महिनाभर चालली आणि अर्जाची शेवटची तारीख निघून गेली. तिला कोणी "नाही" म्हटलं नाही. सगळ्यांनी फक्त "चान्स किती?" असं विचारलं.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. आज त्याच्याशीच मला भांडायचं आहे.

आपल्या गावातल्या कुठल्याही अभ्यासिकेत जाऊन बघा. एमपीएससीची तयारी करणारी मुलं सकाळी सातला जागा धरून बसलेली असतात. लाखो अर्ज, जागा काहीशे. एकेक मुलगा चार-चार, सहा-सहा वर्षं बसतो. घरचे एकर विकतात, बहिणीचं लग्न आधी उरकून घेतात, पुण्याला खोली घेऊन देतात. त्या मुलाला कोणी चान्स विचारत नाही. विचारलं तर अपशकुन झाल्यासारखं बघतात. "प्रयत्न करतोय पोरगा" असं कौतुकाने सांगतात.

मुलीने अवघड वाट निवडली की मात्र सगळं घर एका रात्रीत हिशेबनीस होतं. मुलाच्या अपयशाला घरात "तयारी" म्हणतात, मुलीच्या अपयशाला "वाया गेलेलं वर्ष". कारण मुलीच्या वर्षांवर तिची मालकी नसते. ती वर्षं लग्नाच्या खात्यात आधीच जमा केलेली असतात. म्हणून तिचा चान्स विचारणारा माणूस मुळात गणित करत नसतो. तो नकार देत असतो, आणि नकाराचं पाप आकड्याच्या अंगावर ढकलत असतो.

पण आता आकड्याचंही बोलू. कारण चान्स खरोखरच कमी आहे आणि तो सगळ्यांना सारखा कमी नाही.

पुण्याची ही संस्था १९६० साली केंद्र सरकारने प्रभात स्टुडिओच्या जागेवर सुरू केली. मराठी मुलखात, मराठी सिनेमा जिथे मोठा झाला त्याच आवारात. २०१८ पासून काही वर्षं तिची आणि कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेची मिळून एकच प्रवेशपरीक्षा होत असे. अशा परीक्षेची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत. चाळीसगावची मुलगी पुण्याच्या संस्थेत जायचं म्हणते आणि तिला तिची गोष्ट तिच्या भाषेत लिहिता येत नाही. अहिराणी तर दूरच, मराठीतही नाही. लेखी परीक्षेत नुसते पर्याय निवडायचे नसतात, कल्पना मांडायची असते. त्यातून वर आलीच तर पुढे मुलाखत. ज्या भाषेत ती स्वप्न बघत नाही, त्या भाषेत तिने आपलं स्वप्न परीक्षकांपुढे उलगडून दाखवायचं.

पैशाचं ऐका. २०१९ च्या डिसेंबरात पुण्यातल्या विद्यार्थ्यांनी शुल्कवाढीविरुद्ध उपोषण केलं. त्या वेळी दोन्ही गटांतल्या अभ्यासक्रमांसाठी अर्ज करायचा तर नुसत्या परीक्षेचं शुल्क दहा हजारांच्या घरात गेलं होतं आणि वर्षाचं शिक्षणशुल्क लाखापुढे. कापूस वेचणाऱ्या बाईला किलोमागे काय मिळतं ते तुम्हाला ठाऊक आहे. परीक्षेला बसण्याच्या परवानगीसाठी तिने किती क्विंटल कापूस वेचायचा, हा हिशेब मात्र चान्स विचारणाऱ्यांपैकी कोणी केला नाही.

प्रवासाचं ऐका. इथून पुण्याला जायचं तर रात्रीची महाराष्ट्र एक्स्प्रेस. मुलगा एकटा जातो, फलाटावर झोपतो, सकाळी नळावर तोंड धुऊन पेपरला बसतो. मुलीबरोबर कोणीतरी हवं. म्हणजे दोन तिकिटं, दोघांची राहण्याची सोय, आणि बापाची किंवा भावाची बुडालेली मजुरी. मुलाखतीला बोलावणं आलं की हे सगळं पुन्हा.

आणि ज्याच्यावर कोणी बोट ठेवत नाही ते ऐका. सिनेमाच्या परीक्षेला सिनेमा पाहिलेला लागतो. मुलं टॉकीजमध्ये वाढतात, रात्री मित्राच्या खोलीवर लॅपटॉपवर बघतात. मुलीच्या हातातला मोबाइल घरातल्या चार जणांचा, आणि रात्री नऊनंतर ती त्याच्याकडे बघत बसली की "कोणाशी बोलतेस?" ही चौकशी. कॅमेरा धरायला मुलं कुठे शिकतात? लग्नाच्या शूटिंगवर. सोळा वर्षांचा पोरगा दिवे धरायला जातो, दोन वर्षांनी कॅमेरा धरतो, पाच वर्षांनी स्टुडिओ टाकतो. शेजारच्या मालेगावात तर याच जोरावर एक अख्खी चित्रपटसृष्टी उभी राहिली. यंत्रमागावर राबणाऱ्या पोरांनी व्हिडिओ कॅमेऱ्यावर सिनेमे काढले. फैजा अहमद खान या दिग्दर्शिकेने त्यांच्यावर केलेला माहितीपट जगभर पाहिला गेला. पण त्या सिनेमांत काम करायला गावातल्या बाया मिळत नसत, बाहेरून आणाव्या लागत. लग्नाच्या शूटिंगला कॅमेरा घेऊन उभी असलेली मुलगी तुमच्या तालुक्यात तुम्ही किती वेळा पाहिलीत? आमच्याकडे मी एकदाही पाहिलेली नाही. तिथे मुलगी कॅमेऱ्यासमोरच असते, मुंडावळ्या बांधून, मान खाली घालून.

मग परीक्षक म्हणणार, "या मुलांकडे अनुभव जास्त आहे." बरोबरच आहे. त्यालाच गुणवत्ता म्हणायचं ठरलेलं आहे.

आता त्या मुलीच्या गुणवत्तेचं सांगते. २०२१ च्या ऑगस्टच्या अखेरीस तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला आणि अर्धं चाळीसगाव पाण्यात गेलं. गावभर सगळ्यांनी मोबाइलवर चित्रण केलं. वाहून चाललेली जनावरं, बुडालेल्या गाड्या, पुलावरचं पाणी. ही पोरगी तेव्हा कॉलेजात नुकतीच जायला लागली होती. तिने पाणी ओसरल्यावर चित्रण केलं. घराघरांतून चिखल उपसणाऱ्या बायका. भिजलेले गहू भिंतीवर, पत्र्यावर, मोटारसायकलच्या सीटवर वाळत घालणाऱ्या बायका. एक म्हातारी ओल्या रेशनकार्डाची पानं एकेक सोडवत होती आणि पोरगी तिच्या हातांवरून मोबाइल हलवत नव्हती. सात-आठ मिनिटांची ती फीत तिने मला दाखवली तेव्हा मी म्हटलं, "छान आहे." पुढे काही विचारलं नाही. पूर संपल्यावर बायकांचं काम सुरू होतं, हे मी भाषणात शंभरदा सांगितलं असेल. तिने ते न बोलता दाखवलं होतं, आणि मी तिला बी.एड. सुचवलं.

या गावाला कॅमेरा नवा नाही. स्टेशनजवळच्या बंगल्यात केकी मूस राहिले. १९८९ साली वारले तोवर जवळजवळ घराबाहेर न पडता त्यांनी जी छायाचित्रं काढली त्यांची कीर्ती देशाबाहेर गेली. बाहेरगावचा पाहुणा आला की आम्ही अभिमानाने तो बंगला दाखवतो आणि एका मुलीच्या वाटेकडे डोळे लावून, रोज येणाऱ्या गाडीची वाट पाहत त्यांनी आयुष्य काढल्याची दंतकथा सांगतो. मूस मोठे कलावंत, त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण एक पुरुष पन्नास वर्षं आपल्या कलेसाठी दार लावून बसला तर तो ऋषी ठरतो. आमच्या मुलीने दोन तास दार लावलं तर आई दार वाजवते, "पोळ्या कोण करील?"

आणि सिनेमात बाई नवी आहे का? दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. त्यात तारामतीचं काम अण्णा साळुंखे या पुरुषाने केलं, कारण काम करायला बाई मिळेना. हे शाळेच्या पुस्तकातही असतं. पडद्यामागे मात्र बाई होती. सरस्वतीबाई फाळके रात्री कच्च्या फिल्मला भोकं पाडत होत्या, रसायनं कालवत होत्या, फिल्म धूत होत्या आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक रांधत होत्या. दागिनेही त्यांचेच गेले. म्हणजे भारतीय सिनेमाची पहिली तंत्रज्ञ एक मराठी बाई होती, आणि तिला कोणत्याही प्रवेशपरीक्षेला बसावं लागलं नाही, कारण ती फुकट राबत होती. जिथे मजुरी नाही तिथे बाईचा चान्स नेहमीच शंभर टक्के असतो. नाव आणि दाम देण्याची वेळ आली की स्पर्धा सुरू होते.

त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या आणि समाजाची बोलणी त्यांनी सोसली. आणि १९३९ साली प्रभातच्या नायिका शांता आपटे यांनी कराराच्या वादात स्टुडिओच्या फाटकापाशी उपोषण केलं. 'कुंकू'मधल्या बंडखोर नीराला टाळ्या देणाऱ्या समाजाला खरी बंडखोर बाई फाटकात बसलेली बघवली नाही. दुसऱ्याच वर्षी त्यांनी पुस्तक लिहिलं, 'जाऊ मी सिनेमात?' सिनेमाच्या धंद्यात बाईची पिळवणूक कशी होते ते एका बाईने १९४० साली लिहून ठेवलं. ज्या आवारात त्या उपाशी बसल्या त्याच आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. २०१५ साली विद्यार्थ्यांनी १३९ दिवस संप केला तो तिथेच. त्या संपातली एक विद्यार्थिनी, पायल कपाडिया, हिच्या चित्रपटाला २०२४ साली कान महोत्सवात ग्रां प्री मिळालं.

मग लोक म्हणतात, "बघा, जिच्यात दम असतो ती पोचतेच." हे वाक्य मला फार खोटं वाटतं. पोचलेल्या दोघीचौघी दाखवून न पोचलेल्या हजारोंना गप्प करायची ही जुनी रीत आहे. आणि पोचलेल्यांनाही दार सरळ उघडलं नव्हतं. रेणू सलुजांना दिग्दर्शनाला प्रवेश मिळाला नाही, म्हणून त्या संकलनाकडे गेल्या. पुढे संकलनासाठी चार राष्ट्रीय पुरस्कार मिळवले. त्यांच्या आधी साठच्या दशकात अरुणा राजे डॉक्टरकीचं शिक्षण सोडून तिथे संकलन शिकल्या. पुष्कळ वर्षं बाईला संकलनाच्या टेबलापर्यंत येऊ देत. कापायचं, जोडायचं, अंधाऱ्या खोलीत गप्प बसून दुसऱ्याचं नीट करायचं. शिवणकामासारखंच की. कॅमेरा आणि दिग्दर्शकाची खुर्ची, म्हणजे शंभर पुरुषांना "थांबा" आणि "चला" सांगायची जागा, ती लांबच राहिली.

आणखी एक सल्ला ऐकला, तोही आपल्याच मैत्रिणीकडून. "पदवी कशाला हवी? सुमित्रा भावे कुठे सिनेमाच्या शाळेत गेल्या होत्या?" खरं आहे. सुमित्राताई समाजशास्त्राच्या अभ्यासक. वस्तीतल्या बाईवर १९८५ साली 'बाई' हा लघुपट केला, मग 'पाणी', मग 'दोघी'. पण त्या पुण्यात होत्या. भोवती अभ्यासाचं वातावरण होतं, सोबत सुनील सुकथनकरांसारखा त्याच संस्थेत शिकलेला सहकारी आला. ज्यांच्या अंगणात विहीर आहे त्यांनी दुसऱ्याला "नळाची काय गरज?" म्हणू नये. चाळीसगावच्या मुलीला शाळाच लागते, कारण शाळेशिवाय तिला ना सहकारी आहेत, ना यंत्र, ना रात्री उशिरापर्यंत काम करायची परवानगी.

आणि शाळा खेड्यापाड्यांपर्यंत आली तर काय होतं तेही आपण पाहिलं आहे. नागराज मंजुळे पुण्यामुंबईच्या संस्थेत शिकले नाहीत. अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या, कॉलेजात संज्ञापनाचा अभ्यासक्रम करताना त्यांनी 'पिस्तुल्या' केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जिल्ह्याच्या गावी, राज्याच्या विद्यापीठाशी जोडलेल्या कॉलेजात, परवडणाऱ्या शुल्कात. मग आमच्या विद्यापीठाने हे का करू नये? जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्या बोलल्या ते दुसऱ्यांनी उतरून घेतलं म्हणून वाचलं, आणि पुस्तक निघालं ते त्या गेल्यावर, १९५२ साली. आज कुठल्याही प्रवेशपरीक्षेने बहिणाबाईंना पहिल्याच पानावर नापास केलं असतं. त्यांचं नाव लावायचं तर त्यांच्यासारख्यांना आत येता येईल एवढं दार करायला हवं.

"त्या लाइनीत मुलींचं काय होतं" या सरांच्या वाक्यालाही उत्तर देते. काय होतं ते आम्हाला माहीत आहे. केरळच्या चित्रपटसृष्टीविषयीचा हेमा समितीचा अहवाल २०२४ साली बाहेर आला, त्यात ते छापलेलंच आहे. पण ती समिती नेमली गेली ती २०१७ साली तिथल्या बायकांनी संघटना बांधून मागणी लावून धरली म्हणून. त्यांच्यात बीना पॉल होत्या, पुण्यात शिकलेल्या संकलक. आत गेलेल्या बायकांनीच आतलं घाण बाहेर काढलं. आणि कापसाच्या शेतात, जिनिंगमध्ये, ऊसतोडीत मुलींचं काय होतं ते सरांना माहीत नाही का? तिथे पाठवताना कोणी "लाइन वाईट" म्हणत नाही.

शेवटी आपलं आपल्याशी. आपल्यातल्याच काहीजणी म्हणतील, पाणी, रेशन, हुंडा, मारहाण हे प्रश्न सोडून सिनेमा कुठे काढलास? बायांनो, १९८३ मध्ये 'मुलगी झाली हो' घेऊन बाया गावोगाव फिरल्या तेव्हाही हेच विचारलं गेलं. नाटकाने जे झालं ते शंभर पत्रकांनी झालं नसतं. आज खेड्यातला माणूस पत्रक वाचत नाही, मोबाइल बघतो. त्यात आपली सून कशी, सासू कशी, 'चांगली बाई' कोणती, हे रोज ठरतं. ते ठरवणाऱ्या खुर्चीवर आपली मुलगी नको का?

म्हणून मागण्या लिहिते. ठराव करून पाठवायच्या तर सोप्या जातील.

१. प्रवेशपरीक्षा मराठीतून देता यावी. लेखी आणि मुलाखत दोन्ही.

२. परीक्षेचं केंद्र जळगाव किंवा धुळ्यात हमखास असावं. मुलींना परीक्षाशुल्क माफ असावं आणि मुलाखतीला दोघांचा प्रवासखर्च मिळावा.

३. आयआयटीत २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा निर्माण केल्या गेल्या. पुण्यातही, आणि मुख्यतः दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी या विभागांत, त्या कराव्यात. सामाजिक आरक्षणाला धक्का न लावता, आणि त्या जागांतही ते आरक्षण पाळून.

४. दरवर्षी किती मुलींनी अर्ज केले, किती मुलाखतीला गेल्या, किती घेतल्या, कोणत्या जिल्ह्यांतल्या, हे आकडे संस्थेने आपणहून छापावेत. चान्स कितला ते आम्हाला कागदावर कळू द्या.

५. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाचं शुल्क माफ केलं. ते राज्याच्या प्रवेशप्रक्रियेतून होणाऱ्या अभ्यासक्रमांना. केंद्राच्या सिनेमाशाळेत जाणाऱ्या राज्यातल्या मुलींचं शुल्कही राज्याने भरावं.

६. राज्याच्या प्रत्येक विद्यापीठात चित्रपटशिक्षणाचा अभ्यासक्रम असावा, आणि त्याला मुलींचं वसतिगृह जोडलेलं असावं. गोरेगाव आणि कोल्हापूरच्या सरकारी चित्रनगऱ्यांत या मुलींना प्रत्यक्ष काम शिकू द्यावं.

पण नुसत्या मागण्या करून मी सुटत नाही. मागच्या महिन्यात मी त्या मुलीच्या घरी गेले. आई ओट्यावर बसली होती. मला म्हणाली, "ताई, मनी पोर येडी शे का?" मी म्हटलं, येडी मी होते. आणि मुलीची माफी मागितली. ती काही बोलली नाही. आत जाऊन मोबाइल घेऊन आली आणि नवं केलेलं दाखवायला लागली.

आमच्या गटाने ठरवलं आहे की कर्जासारखाच एक फंड ठेवायचा, मुलींच्या परीक्षांच्या शुल्काचा. पास-नापास न विचारता द्यायचा. दुसऱ्यांदा बसली तर दुसऱ्यांदा द्यायचा. दर महिन्याच्या बैठकीनंतर एक सिनेमा लावायचा आणि त्यावर बोलायचं, अहिराणीत. पुढच्या लग्नसराईत गावातल्या एका फोटोग्राफरकडे दोन मुलींना शिकायला ठेवायचं, त्याच्याशी बोलणं झालं आहे. तो म्हणाला, "मुली कशा रात्री थांबणार?" आम्ही म्हटलं, आमच्यातली एक बाई सोबत थांबेल. पाळीपाळीने थांबू.

या वर्षीचा अर्ज ती भरणार आहे. शुल्क फंडातून. पुण्याला सोबत मी जाणार आहे. तुमच्या तालुक्यात अशी कोणी मुलगी असेल तर कळवा. गाडीत आणखी दोघीतिघी मावतील. तिने चान्स विचारला, तर आधी ती काय बघते ते तिला विचारा.